मुळाभोवतीची वस्ती : जिवाणू, अवर्षण आणि ‘खत’ या शब्दाची गोष्ट

जर्मन भाषेतल्या दोन नोंदी आहेत, एकमेकींपासून जेमतेम वर्षभराच्या अंतरावरच्या. पहिली सप्टेंबर १८८६ ची. बर्लिनला भरलेल्या निसर्गशास्त्रज्ञांच्या संमेलनात हेर्मान हेलरीगेल यांनी, सहकारी विल्फार्ट यांच्यासह केलेल्या प्रयोगांची हकिकत सांगितली. निर्जंतुक वाळूच्या कुंड्यांत त्यांनी ओट आणि वाटाणा लावला होता. ओटला जेवढे नायट्रेट घालावे तेवढीच त्याची वाढ होई. वाटाण्याचा हिशेब मात्र जुळेना. सुपीक मातीचे थोडे पाणी कुंडीत घातले की नत्राचा कणही न देता वाटाणा तरारून उठे आणि त्याच्या मुळांवर गाठी दिसत. गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नत्र बांधून झाडाला देतात, हे त्यातून उलगडले.

दुसरी नोंद १८८७ ची. गेऑर्ग फोल्केन्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने इजिप्शियन-अरबी वाळवंटातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथल्या काही गवतांच्या मुळांभोवती वाळूच्या कणांचे म्यान चिकटलेले असते, असे त्याने त्यात नोंदवले. मूळ उपटले तरी हे म्यान सहजी गळून पडत नाही.

पहिल्या नोंदीतून कारखाने निघाले, पेटंटे घेतली गेली आणि सरकारी योजना व कायदे झाले. दुसरी नोंद वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत पडून राहिली. पीक पाण्यावाचून तग धरते तेव्हा त्याच्या मुळाशी जिवाणू काय करतात, हा प्रश्न या दुसऱ्या नोंदीच्या वाटेवरचा आहे. आपण मात्र शतकभर तो पहिल्या नोंदीच्या भाषेत विचारत आलो. ती भाषा नत्राची, म्हणजेच खताची. मी शास्त्रज्ञ नाही. शेतीविषयीचे जुने अहवाल आणि निबंध वाचणे एवढाच माझा अभ्यास. पण एखाद्या वस्तूला दिलेले नाव तिच्याकडे पाहण्याची नजर कशी बांधून टाकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

बाटलीत आणि पाकिटात

हेलरीगेल यांच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. मग तो विकायला कितीसा उशीर? ड्रेस्डेनजवळच्या थारांट येथे काम करणारे नोब्बे आणि हिल्टनर यांनी त्याचे संवर्धन तयार केले आणि १८९६ च्या सुमारास हेक्स्ट येथील रंगांच्या कारखान्याने ते ‘नायट्राजिन’ या नावाने बाजारात आणले. नावातच नत्र होता. जिवाणू बाटलीत असले तरी विकला जात होता तो नत्रच.

नायट्राजिनचे अनुभव संमिश्र आले. कुठे पीक उभे राहिले, कुठे काहीच घडले नाही. अमेरिकेच्या शेती खात्यातील जॉर्ज मूर यांनी दुसरी युक्ती काढली. त्यांनी जिवाणू कापसावर वाळवले. असा कापूस पाकिटात घालून टपालाने पाठवता येई. १९०४ मध्ये मासिकांनी या शोधाचा गाजावाजा केला आणि खासगी कंपनीही उभी राहिली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा येथील शेती प्रयोग केंद्राने बाजारातली पाकिटे तपासली, तेव्हा ती कुचकामी निघाली. कापसावर वाळवलेले जिवाणू मरून जात होते. त्या कंपनीशी असलेल्या संबंधांवरून टीका झाल्यावर मूर यांना १९०५ मध्ये पद सोडावे लागले.

या प्रकरणातला एक तपशील माझ्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ते जिवाणू कोरडेपणाने मेले. उघड्या मातीत मात्र दरवर्षी उन्हाळा येतो, जमीन भेगाळते, वरचा थर तव्यासारखा तापतो आणि तरीही पहिल्या पावसात त्या मातीत जीव असतो. मग मातीतला जिवाणू कोरड्या दिवसांत जगतो कसा? हा प्रश्न तिथेच विचारता आला असता. व्यापाराला हवे होते ते टिकाऊ पाकीट, त्यामुळे चर्चा पाकिटाचीच होत राहिली.

ज्या वर्षी मूर यांचा गाजावाजा झाला त्याच वर्षी, १९०४ मध्ये, हिल्टनर यांनी एक शब्द घडवला : ‘ऱ्हायझोस्फिअर’. मुळाच्या प्रभावाखाली असलेला मातीचा पट्टा, असा त्याचा अर्थ. मराठीत मी त्याला मुळाभोवतीची वस्ती म्हणतो. मूळ आपल्या अन्नातला काही भाग मातीत पाझरू देते, त्यावर असंख्य सूक्ष्मजीव पोसले जातात आणि ते झाडाच्या आरोग्यावर परिणाम करतात. म्हणजे मुळाशी एकच मजूर राबत नसून अख्खी वस्ती नांदते, हे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच सांगून झाले होते. पण व्यवहारात वस्तीतला एकच रहिवासी नावारूपाला आला, नत्र आणून देणारा.

भारतातही तेच घडले. बिहारमधील पुसा येथे एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये इथल्या शेंगवर्गीय पिकांच्या गाठींतील जिवाणूंवर काम केले. पुढे रशियात अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद मोकळे करणारे जिवाणू प्रचंड प्रमाणावर वापरले गेले. १९५८ मध्ये तिथे सुमारे एक कोटी हेक्टरवर अशी ‘जिवाणू खते’ दिल्याची नोंद आहे. १९६२ मध्ये मिशुस्तिन आणि नाउमोव्हा या रशियन संशोधकांनीच त्या प्रयोगांचा आढावा घेऊन त्यांच्या परिणामकारकतेबद्दल शंका उपस्थित केल्या. तरी नाव टिकले. १९८३ मध्ये भारत सरकारने जैविक खतांचा राष्ट्रीय प्रकल्प गाझियाबादला सुरू केला. नागपूरला त्याचे विभागीय केंद्र झाले. ‘जिवाणू खत’ हा शब्द मराठी कृषिपत्रिकांत आणि दुकानांच्या पाट्यांवर स्थिरावला.

कोरडवाहूची दुसरी वाट

याच काळात दख्खनमध्ये अवर्षणाचा अभ्यास वेगळ्या वाटेने चालला होता. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे ताम्हाणे यांनी एका लहानशा शेतावर कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन सुरू केले. १९३३ नंतर सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे केंद्रे झाली. एन. व्ही. कानिटकर यांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ १९४४ चा. या परंपरेने आपल्याला बांधबंदिस्ती दिली, पेरणीचे अंतर दिले, नांगरटीचे आणि कोळपणीचे वेळापत्रक दिले. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे शेतकऱ्याचे म्हणणे तिने मोजमापाने समजून घेतले.

या परंपरेच्या केंद्रस्थानी पाणी होते. जिवाणूंच्या परंपरेच्या केंद्रस्थानी नत्र होता. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पिकाला नत्र किती मिळाला ते मोजत, कोरडवाहूचे अभ्यासक ओल किती उरली ते मोजत. दोघांच्या पायाखालची माती एकच होती. पण ओल आणि जिवाणू यांचा संबंध शोधणे हे दोघांपैकी कोणाचेच मुख्य काम नव्हते.

बाजरीने आणि ज्वारीने दिलेला झटका

या दोन वाटा जिथे एकत्र आल्या, ते ठिकाण नत्राच्या शोधातूनच सापडले.

ब्राझीलमध्ये रिओजवळ सेरोपेदिका येथे योहाना डोबेरायनर काम करत. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या या बाईंनी महायुद्धानंतर ब्राझील गाठले आणि आयुष्य तिथल्या मातीला दिले. गवतवर्गीय पिकांच्या मुळांशीही नत्र बांधणारा जिवाणू राहतो, असे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवले. बायरिंक यांनी १९२५ मध्ये ज्याचे वर्णन केले होते तोच हा नागमोडी जिवाणू. १९७८ मध्ये त्याला ‘अ‍ॅझोस्पिरिलम’ हे नाव मिळाले.

काळ तेलसंकटाचा होता. तेल महागल्याने नत्रखतेही महागली होती. मका, गहू, ज्वारी, बाजरी ही पिके वाटाण्यासारखी आपला नत्र आपणच मिळवू लागली तर? १९७६ मध्ये फ्लोरिडातील बाजरी आणि गिनी गवतावरचे प्रयोग ‘सायन्स’ मध्ये छापून आले आणि जगभर उत्साहाची लाट आली. काही प्रयोगांत उत्पादन खरेच वाढत होते. पण नत्राचा हिशेब काटेकोरपणे मांडल्यावर जिवाणूने आणून दिलेला नत्र फार थोडा भरू लागला. वाढीचे श्रेय त्याला देता येईना.

इथे अनेकांनी हा विषय सोडून दिला. काहींनी मात्र मुळाकडे नीट पाहिले. फ्लोरिडातच टिएन, गॅस्किन्स आणि हबेल यांनी १९७९ मध्ये दाखवले की अ‍ॅझोस्पिरिलम वाढीची संप्रेरके तयार करतो आणि त्यांच्या प्रभावाने बाजरीच्या मुळाला जास्त उपमुळे फुटतात, त्यांवर केशमुळांची दाट लव येते. म्हणजे जिवाणू झाडाला जेवण वाढत नव्हता, झाडाचे हातच वाढवत होता.

आणि मग १९८८ चा तो निबंध, जो मला सोलापूरकडच्या वाचकाला मुद्दाम सांगावासा वाटतो. इस्रायलमधील सारिग, ब्लूम आणि ओकोन यांनी कोरडवाहू ज्वारीच्या शेतात अ‍ॅझोस्पिरिलमचा प्रयोग केला. त्यांनी मोजले ते पाणी. जिवाणू दिलेल्या ज्वारीच्या पानांत पाण्याची स्थिती बरी होती, पिकाचा माथा थंड होता, पर्णरंध्रे अधिक उघडी होती. त्या ज्वारीने जमिनीतून सुमारे १५ टक्के अधिक ओल उचलली होती आणि ती खालच्या थरांतून. उत्पादनवाढीचे मुख्य कारण ओलीचा चांगला वापर हेच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आपली रब्बी ज्वारी हेच करते. पावसाळ्यात भारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती पेरायची आणि पुढे पाऊस नाही असे धरूनच वाढवायची. मोहोळला निवड होऊन पुढे आलेली मालदांडी याच व्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या तावूनसुलाखून निघाली. तिच्यासाठी वरच्या हातभर मातीपेक्षा खाली उरलेली ओल निर्णायक असते.

पण याच निबंधात एक इशाराही दडलेला आहे. अ‍ॅझोस्पिरिलमने पाणी वाचवले नाही, ते जास्त खर्च केले. खाली ओल असेल तर हा शहाणपणाचा खर्च. जिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो अशा हलक्या रानात खालचा थरच नाही. तिथे लांब हातांना धरायला काय मिळणार? तिथल्या अवर्षणाला दुसरा सोबती हवा.

वाळूचे म्यान

तो सोबती फोल्केन्सच्या म्यानात होता. आश्चर्य म्हणजे १९७९ मध्ये अमेरिकेतील वुलस्टीन आणि सहकारी कोरड्या प्रदेशांतल्या गवतांच्या त्या म्यानापर्यंत पोहोचले होते. पण त्यांनीही त्यात आधी शोधला तो नत्र बांधणारा जिवाणूच! नजर किती पक्की बांधली गेली होती, याचा हा पुरावा.

म्यान कशाचे, याची उकल हळूहळू झाली. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्सन आणि फायरस्टोन यांनी मातीतला एक स्यूडोमोनास जिवाणू कोरडा पाडून पाहिला. कोरडे पडू लागताच तो स्वतःभोवती बहुशर्करेचा चिकट लगदा तयार करू लागला. हा लगदा पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, त्यामुळे आतला जीव एकदम सुकत नाही. कापसावरच्या पाकिटाने १९०५ मध्ये जो प्रश्न समोर ठेवला होता, त्याचे उत्तर असे सत्त्याऐंशी वर्षांनी मिळाले.

जिवाणू हा चिकटा स्वतःसाठी तयार करतो. पण तो मुळावर राहत असेल तर त्या चिकट्याने मातीचे कण एकमेकांना आणि मुळाला धरून राहतात. ओल ओसरताना मूळ आकसते आणि माती व मूळ यांच्यात फट पडते. ती फट पडली की शेजारी ओल असूनही मुळाला ती उचलता येत नाही. चिकट म्यान हा दुवा टिकवते. २००० मध्ये फ्रान्समधील अलामी आणि सहकाऱ्यांनी सूर्यफुलाच्या मुळांवरून असा एक जिवाणू मिळवला. तो दिल्यावर मुळाला धरून राहणारी माती दुपटीपर्यंत वाढली. हा जिवाणू निघाला ऱ्हायझोबियम कुळातला! शंभर वर्षे ज्याला आपण फक्त गाठीत बसून नत्र देणारा म्हणून ओळखले, त्याच घराण्यातला एक जण गाठ नसलेल्या सूर्यफुलाच्या मुळावर ओलीचे काम करत होता.

यानंतरची कडी आपल्याजवळची. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत संध्या, अली, ग्रोव्हर, रेड्डी आणि वेंकटेश्वरलू यांनी देशातल्या निमकोरड्या, भरडधान्याच्या प्रदेशांतून वेगवेगळ्या मातींचे नमुने घेतले. त्यांतून मिळालेल्या ८१ जिवाणूंपैकी २६ प्रयोगशाळेतल्या सर्वांत तीव्र कोरडेपणात टिकले. त्यांतही सर्वांत जास्त चिकटा करणारा ‘जीएपी-पी४५’ हा तांबड्या मातीतल्या सूर्यफुलाच्या मुळाशी सापडलेला होता. २००९ च्या त्यांच्या निबंधानुसार त्याची बीजप्रक्रिया केलेली सूर्यफुलाची रोपे ताणात अधिक संख्येने जगली आणि त्यांच्या मुळांना धरलेली माती वाढली. फोल्केन्सने वाळवंटात डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एकशे बावीस वर्षांनी हैदराबादेत तराजूवर तोलली गेली.

आढीतला वायू

तिसरी एक रीत आहे, ती कळायला आंब्याची आढी आठवावी. आढीत एक आंबा पिकू लागला की बाकीचे भराभर पिकतात, ते इथिलीन या वायूमुळे. झाड संकटात सापडले तरी हाच वायू तयार करते. पाणी तुटले की इथिलीन वाढते, वाढ थांबते, पाने पिवळी पडून गळतात. खंड लांबला तर हे शहाणपण असते. पण बारा-पंधरा दिवसांत पाऊस परतणार असेल तर झाडाने घाईने आवराआवर केलेली असते, आणि पाऊस आला तरी पीक उभारी धरत नाही.

१९७८ मध्ये जपानच्या होन्मा आणि शिमोमुरा यांनी जिवाणूंत एक विकर शोधले. इथिलीन ज्या पदार्थापासून तयार होते, तो कच्चा मालच हे विकर फोडते. कॅनडातील बर्नार्ड ग्लिक यांनी १९९८ मध्ये त्याचा अर्थ लावला : असे जिवाणू मुळावर असतील तर ते तो कच्चा माल खातात आणि झाडाचे इथिलीन कमी राहते. मग २००४ मध्ये मायाक, तिरोश आणि ग्लिक यांनी दक्षिण इस्रायलच्या अरावा या रुक्ष प्रदेशातल्या मातीतून असा जिवाणू वेगळा केला आणि टोमॅटो व मिरचीच्या रोपांना देऊन पाणी तोडले. पाणी तुटलेले असताना रोपांतल्या पाण्याच्या प्रमाणात काहीही फरक पडला नाही. फरक पडला तो वाढीत, आणि पाणी परत दिल्यावर. जिवाणू दिलेली रोपे लक्षणीयरीत्या लवकर सावरली.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. जिवाणू पाणी आणत नाही. तो झाडाला घाबरू न देता वेळ मिळवून देतो. जून-जुलैच्या पावसात पडणाऱ्या खंडात शेतकऱ्याला नेमका तोच वेळ हवा असतो. दुबार पेरणी टळण्याचे अंतर कधी कधी आठच दिवसांचे असते.

पाकिटावर काय लिहावे?

तर तीन अवर्षणे आणि तीन सोबती. खोल ओलीकडे मूळ नेणारा, उरलेली ओल मुळाशी बांधून ठेवणारा आणि खंडात झाडाला धीर देणारा. यांतला कोणीही ‘खत’ म्हणून हे काम करत नाही.

आता आपला कायदा पाहा. २००६ मध्ये ऱ्हायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू खत नियंत्रण आदेशात आले. हे आवश्यकच होते, कारण मेलेल्या जिवाणूंची पाकिटे हा रोग १९०५ पासूनचा आहे. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, असा दंडक ठरला. पण कार्यक्षमतेची कसोटी काय? ऱ्हायझोबियमने गाठी आणल्या पाहिजेत. अ‍ॅझोटोबॅक्टरने एक ग्रॅम साखरेमागे किमान १० मिलिग्रॅम नत्र बांधला पाहिजे. अ‍ॅझोस्पिरिलमने नत्ररहित माध्यमात पांढरा पापुद्रा धरला पाहिजे. ज्या अ‍ॅझोस्पिरिलमने ज्वारीला खालची ओल मिळवून दिली, त्याला कायदा अजून हेलरीगेलचाच प्रश्न विचारतो. नत्रात पास झालेला जिवाणू ओलीत नापास असू शकतो आणि उलटही. पाकीट हातात घेणाऱ्याला ते कळायची सोय नाही.

२०२१ मध्ये त्याच आदेशात ‘बायोस्टिम्युलंट’, म्हणजे जैव-उत्तेजक, हा नवा वर्ग आला. त्याच्या व्याख्येत अन्नद्रव्ये किती आहेत हे न पाहता ताण सहन करण्याची क्षमता वाढवणे याचा उल्लेख आहे आणि जिवंत सूक्ष्मजीवांनाही त्यात जागा आहे. हेलरीगेलच्या निबंधानंतर एकशे पस्तीस वर्षांनी कायद्याला दुसरी नोंद वाचता आली, असे मी म्हणेन. मात्र जुनी जिवाणू खते या नव्या वर्गाबाहेर, आपल्या जुन्याच कसोट्यांसह राहिली आहेत. शिवाय नवा शब्द सैल आहे. सैल शब्दाच्या आड नायट्राजिनच्या काळापासून काय काय विकले गेले, ते वर सांगितलेच.

म्हणून उत्साहाला आवर घालणारा एक आकडा. ओकोन आणि लाबान्देरा-गोन्सालेस यांनी १९९४ मध्ये अ‍ॅझोस्पिरिलमच्या वीस वर्षांच्या जगभरातल्या शेतप्रयोगांचा आढावा घेतला. ६० ते ७० टक्के प्रयोगांत फायदा दिसला, उत्पादन ५ ते ३० टक्के वाढले. म्हणजे दहातल्या तीन-चार शेतांत काही हाती लागले नाही. कुंडीतल्या रोपाचे यश आणि माळरानावरच्या पिकाचे यश यांत मोठे अंतर आहे. शेतात आधीची वस्ती असते, ती नव्या पाहुण्याला सहज थारा देत नाही. आणि मृगानंतर महिनाभर आभाळच कोरडे राहिले तर कोणताही जिवाणू पीक वाचवणार नाही. बांधबंदिस्ती, कोळपणी, सेंद्रिय पदार्थ, योग्य वाण या मांजरी-सोलापूरच्या शिकवणीला तो पर्याय नाही. तिच्यावरचा तो एक थर आहे.

पण तो थर खरा आहे आणि स्वस्त आहे. २५० ग्रॅमचे पाकीट, गुळाचे पाणी, दहा किलो बियाणे, सावलीत वाळवणे आणि लगेच पेरणी, एवढाच खटाटोप. इतक्या स्वस्त गोष्टीची नीट परीक्षा व्हावी, एवढीच माझी मागणी आहे. दोन परंपरा ज्या मातीवर शेजारी राहून अनोळखी राहिल्या, तिथेच ती व्हावी : सोलापूरच्या भारी रानात ज्वारीवर, माणदेशच्या हलक्या रानात बाजरीवर, लागोपाठ काही हंगाम, निम्म्या पट्ट्याला जिवाणू देऊन आणि निम्म्याला न देता. मोजायची ती ओल, किती खोलीवरची किती उचलली; पिकाचा माथा किती तापला; खंडानंतर किती रोपे उठली. आणि पाकिटावर लिहावे ते या मोजमापातून आलेले : हा जिवाणू कोणत्या मातीतून घेतला, कोणत्या पिकावर तपासला, किती दिवसांच्या खंडात कामी आला आणि कुठे आला नाही.

सावकाराकडून बियाणे उचलणाऱ्या माणसाला खोटी आशा परवडत नाही. पण खरी मदत चुकीच्या नावाखाली दडून राहिली, तर तीही त्याला तितकीच महागात पडते.